तुटलेली शिरोरेषा

नोव्हाय गावातल्या त्या घरात शिरताना अतुलला फक्त एक खुर्ची हवी होती. गुप्तहेर नीलांबरी असली, तरी बर्फात गाडी हाकायची ती त्यानेच.

बाळकाकांनी पत्र पुढे केलं. "आमच्या हिचं, शुभाचं. १९९८ सालचं, ती गेली त्या वर्षीचं. परवा सूनबाईला खोक्यात सापडलं. 'माझ्यामागे एकटे राहू नका, अर्विंग शहरात ईशानकडे जा.' उद्या घर विकायला काढायच्या कागदांवर सही आहे. हे तिचंच असेल तर करतो. पण मन मानत नाही."

नीलांबरीने काकूंची जुनी पत्रं शेजारी ठेवली. "फॉन्ट तोच. पण या पत्रात शिरोरेषा मधेमधे तुटलीय."

"शाई संपत आली असेल," अतुल म्हणाला.

"सापडलं मलाच," सामान आवरायला आधीच आलेली सून वैदेही म्हणाली. "पण तो जुना कीबोर्ड मला कुठे येतो? मी मराठी फोनवर इंग्लिश अक्षरांनी टाइप करते. इथल्या मराठी मंडळाचा दिवाळी अंक आई आणि ईशान करायचे, अठ्ठ्याण्णवच्या बऱ्याच आधी, तो हायस्कूलला असताना."

काकांचा मुलगा ईशान विमानतळावरून थेट आला होता. डोळे तांबारलेले. "आईचे अंक आता कुठेच उघडत नाहीत. म्हणून फ्लॉपीवरून तिचा फॉन्ट घेतला, एक कमांड देऊन नव्या फॉरमॅटमध्ये कन्व्हर्ट केला. दॅट्स ऑल."

"फ्लॉप्या दोन होत्या," काका म्हणाले. "एकीवर अक्षरं, दुसरीवर त्यांची मापं. दुसरी माझ्या ड्रॉवरमध्येच राहिली."

नीलांबरी थकून डोळे चोळत म्हणाली,

"कोणतं अक्षर कुणाला किती चिकटायचं, ते त्या मापांच्या फाइलीत असतं. ती नसली तरी फॉन्ट कन्व्हर्ट होतो, पण अक्षरं सुटी पडतात. काकूंकडे दोन्ही फाइली होत्या, म्हणून त्यांची रेघ अखंड. हे पत्र कन्व्हर्ट केलेल्या फॉन्टमधलं, म्हणजे हल्लीचं. तो फॉन्ट ईशानकडे, आणि त्या कीबोर्डवर टाइप करणंही आता त्यालाच येतं."

शाईचं बोललो नसतो तर बरं झालं असतं, असं अतुलला वाटलं.

ईशानने नाकारलं नाही. "दोनदा जिन्यावरून पडलात, बाबा. दर महिन्याला धावत येतो. फोन वाजला की आधी विमानाची तिकिटं बघतो. थकलोय मी. वाटलं, आईचं तरी ऐकाल."

"तिचं कधी ऐकलं होतं मी?" काका हसले, पण डोळे भरून आले. "अरे, तू स्वतः एकदा तरी 'या' म्हणालास का?"

ईशान खाली बघत म्हणाला, "या ना, बाबा."

काकांनी खिशातून पेन काढलं. मग म्हणाले, "आण ते कागद. उद्याची वाट कशाला बघायची?"