कांदाचाळ आणि आकाशातलं घर

“अहो, टाकीवरचे... तो उजेड जरा बंद करता का?”

योगिनीला हे दोनदा सांगावं लागलं, तेव्हा कुठे टाकीच्या तोंडातून एक डोकं वर आलं. डोक्यावर माकडटोपी, दातांत टॉर्च. त्यामुळे उत्तर काही नीट आलं नाही, पण डोळे हसले. अनोळखी माणसाने पहिल्याच भेटीत असं डोळ्यांनी हसावं, हे योगिनीला अजिबात आवडलं नाही. निदान तिने स्वतःला तसं सांगितलं.

जानेवारीतली संध्याकाळ होती. नाशिकची थंडी काय असते ते गच्चीवर उभं राहून सोसल्याशिवाय कळत नाही. आधी कान लाल होतात, मग ते आपल्याला आहेत की नाहीत तेच समजत नाही. नाशिक रोडच्या त्या कॉलनीत अशा वेळी गच्चीवर येणारी योगिनी एकटीच. ज्युनिअर कॉलेजात ती फिजिक्स शिकवायची, आणि आकाश बघायचं तिला वेड होतं.

टॉर्च विझवून तो खाली उतरला. “मी ज्ञानेश. तिसऱ्या मजल्यावरच्या वत्सलाबाईंचा भाचा. मावशीच्या नळाला पाणी येईना, म्हणून बॉलकॉक बघत होतो. तुम्ही काय बघताय?”

“गप्प बसा. आलं ते.”

पश्चिमेकडून एक ठिपका निघाला. लुकलुक नाही, आवाज नाही. स्टेशनच्या दिव्यांवरून संथपणे चढत तो त्यांच्या डोक्यावर आला, आणि पूर्वेकडे उतरता उतरता एकदम विझला.

“विमान नव्हतं,” ज्ञानेश म्हणाला. “विमानं मला कळतात. ओझरला एका कंपनीत छोटी विमानं दुरुस्त करतो मी.”

“अवकाश स्थानक होतं. माणसं राहतात त्यात. आत्ता आपल्या डोक्यावरून गेली.”

“आणि ते आत्ता येणार हे तुम्हाला कसं कळलं?”

“सगळ्यांनाच कळतं. वेळ, दिशा, उंची, सगळं. त्याला लपता येत नाही. तेच तर त्याचं दुखणं आहे.”

या दुखण्यावरच कॉलनीच्या व्याख्यानमालेत योगिनी बोलणार होती. अध्यक्ष खंडेरावांना खरं तर ‘मुलांची एकाग्रता’ हा विषय हवा होता, पण हिने ‘अवकाश स्थानकावर हल्ला झाला तर?’ असं ठोकून दिलं होतं.

“पण त्याच्यावर कोण कशाला हल्ला करेल?” ज्ञानेशने विचारलं.

“करायचाच म्हटलं तर फार काही लागत नाही. ते सेकंदाला सात किलोमीटरपेक्षा जास्त वेगाने धावतं. समोरून त्याच्या वाटेवर मूठभर खडे सोडले तरी पुरे. बारीक कणांपुरतं चिलखत आहे, खड्यापुढे ते काय टिकणार? काही वर्षांपूर्वी एका देशाने आपलाच जुना उपग्रह फोडून पाहिला. तुकडे पसरले, आणि स्थानकातल्या सगळ्यांना परतीच्या यानांत जाऊन बसावं लागलं. त्या देशाची माणसंसुद्धा आतच होती.”

“स्वतःचीच?”

“स्वतःचीच,” योगिनी म्हणाली, आणि तिचा आवाज उगाचच कोरडा झाला.

निघायची वेळ झाली तशी ज्ञानेशने आपले नट फिरवायचे पाने कठड्यावर ओळीने मांडले. मग त्याचा चेहरा पडला. एक कमी होता.

“सकाळी सापडेल,” योगिनी म्हणाली.

“सापडल्याशिवाय मी जात नाही.”

“ही पाण्याची टाकी काय उडणार आहे?”

तो हसला. “सवय आहे हो. आमच्याकडे काम संपलं की हत्यारं फळीवर लावायची. प्रत्येकाच्या आकाराची जागा रंगवलेली असते. एक जागा जरी रिकामी दिसली तरी फाटक बंद. सापडेपर्यंत कुणी घरी जात नाही, साहेबसुद्धा नाही. विमानाच्या पोटात राहिलेला पाना कधी कशात अडकेल, सांगता येत नाही.”

मग तो टाकीखाली, पाइपांमागे, वाळत घातलेल्या गोधडीखाली शोधत फिरला. योगिनीला दया आली, तीही शोधू लागली. शेवटी तिची नजर आपल्याच तारकानकाशावर गेली. वाऱ्याने उडू नये म्हणून तिने नकळत हाताला लागलेली वस्तू त्यावर ठेवली होती. काखेत कळसा अन् गावाला वळसा, दुसरं काय.

“चोर सापडला,” ज्ञानेश म्हणाला. “आता शिक्षा?”

“चहा पाजते. पुढच्या वेळी... ते परत दिसेल तेव्हा.”

हे आपणच बोललो, यावर योगिनीचा जिना उतरेपर्यंत विश्वास बसला नाही. नकाशावर पान्याच्या तेलाचा गोल डाग पडला होता. तिने तो तसाच खोलीतल्या भिंतीवर लावला.

विश्वास न बसायला कारण होतं. मागे एकदा तिचा साखरपुडा ठरला होता. हॉल सांगितला होता, आचारी सांगितला होता. त्या दिवशी सकाळी मुलाकडून फोन आला, आम्ही येत नाही. कारण म्हणून एक शब्द नाही. तिचे वडील पुंजाराम, उभं आयुष्य नोटांच्या प्रेसमध्ये कधी कुणापुढे मान खाली न घातलेला माणूस, दिवसभर पाहुण्यांना फोन करून येऊ नका म्हणून सांगत राहिले. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. योगिनी तर पाणीसुद्धा फुंकून पिऊ लागली. आपण कुठे असतो, कधी असतो, ते कुणाला कळू द्यायचं नाही, फिरायला जायचा रस्ता रोज बदलायचा. फोनवरचं लास्ट सीन तेव्हापासून बंद होतं.

ते नेमकं ज्ञानेशच्या लक्षात आलं. आता मावशीचा बॉलकॉक वरचेवर बिघडू लागला होता. त्या दिवशी गुळाचा चहा घेऊन दोघं गच्चीवर बसले होते.

“स्थानक कधी कुठे असतं ते जगाला कळतं,” तो म्हणाला, “आणि तुम्ही फोनवर शेवटच्या कधी होतात तेवढंही कळत नाही.”

“म्हणूनच मला कुणी खडा मारू शकत नाही.”

तिला वाटलं तो हसेल. तो हसला नाही. मग तिने त्याला साखरपुड्याचं सांगितलं, चहाच्या कपात बघत, घाईघाईने, दुसऱ्या कुणाची तरी गोष्ट सांगावी तसं. त्याने आपला कप कठड्यावर ठेवला आणि म्हणाला,

“देवळ्याला आमची कांदा साठवायची चाळ आहे, कांदाचाळ. भिंती लाकडी पट्ट्यांच्या, मध्ये बोटबोट फटी. वारा खेळला नाही तर कांदा टिकत नाही. वर्षाची मेहनत अशी रस्त्यावरून दिसते. एका वर्षी कुणीतरी फटीफटीतून मूठमूठ युरिया टाकला. आठवड्यात कांद्याला पाणी सुटलं... वास अजून नाकात आहे. टाकणारे परके नव्हते. भाऊबंदच.”

“मग?”

“पुढच्या वर्षी मी वडलांना, आप्पांना म्हटलं, चारी बाजूंनी पत्रे ठोकू. आप्पा म्हणाले, ‘मंग युरियाची बी गरज नाय. कांदा आतल्या आत सडंल.’ परत फटीच ठेवल्या.”

“आणि भीती?”

“भीती वाटते की. मी किती दिवस चाळीलाच खाट टाकून झोपायचो. पण फटी ठेवल्या.”

योगिनीने कप खाली ठेवला. त्याची माकडटोपी एका कानावरून वर सरकली होती. ती नीट करावी असं तिला फार वाटलं, आणि तिने हात शालीत घट्ट धरून ठेवला.

व्याख्यान छान झालं. शेवटी पुढच्या रांगेतल्या एका आजींनी विचारलं, “पण पोरी, एवढं सोपंय फोडणं, तर ते अजून वर कसं काय?” योगिनीकडे उत्तर तयार होतं. फोडणाऱ्याचेही उपग्रह त्याच कचऱ्यात सापडतील, त्या भीतीपोटी कुणी हात लावत नाही. टाळ्या पडल्या. खुर्च्या आवरताना ज्ञानेश जवळ आला.

“उत्तर तुला स्वतःलाच पटलेलं दिसलं नाही.”

“तुला?”

“म्हणजे... तुम्हाला.”

“राहू दे,” ती म्हणाली. “‘तू’ चालेल.”

त्याने एक खुर्ची उघडली, परत मिटली, परत उघडली. “रविवारी आईला घेऊन येऊ तुमच्याकडे? माझी दुपारपर्यंतच पाळी आहे. आई मावशीकडे थांबेल. चारला येतो.”

योगिनीने उत्तर द्यायला इतका वेळ लावला की ज्ञानेशने ती खुर्ची परत मिटली. मग ती म्हणाली, “ये.”

रविवारी सुमनबाईंनी, म्हणजे योगिनीच्या आईने, पोहे केले. पुंजारामांनी इस्त्रीचा सदरा घातला. चार वाजले. साडेचार झाले. समोरच्या शेजाऱ्यांच्या दाराची कडी दोनदा वाजली, कुणीतरी डोकावून गेलं. पाचच्या सुमारास वत्सलाबाई ओशाळ्या चेहऱ्याने खाली आल्या.

“फोनच लागत नाय त्याचा. त्याची आई कवाची तयार होऊन बसलीय. असा नाय गं तो.”

सुमनबाईंनी पोह्यांवर ताट झाकलं. पुंजाराम फोन हातात धरून बसले होते, त्या साखरपुड्याच्या सकाळी बसले होते तसेच. ते बघवेना तेव्हा योगिनी आत गेली आणि तिने दाराला कडी घातली.

फोन आत नेता येत नाही, फाटकाजवळ कपाटात ठेवावा लागतो, हे तिला माहीत होतं. पण पाळी तर दुपारीच संपली होती. म्हणजे हा बाहेर पडला असणार, आणि फोन मुद्दाम बंद ठेवला असणार... तिने लिहिलं, ‘आता येऊ नकोस.’ बस, एवढं पाठवलं की संपलं. परतीच्या यानात बसायचं आणि दार लावून घ्यायचं. तेवढं तिला चांगलं जमत होतं.

अंगठा बटणावर होता, आणि समोर भिंतीवर तो नकाशा होता. त्यावरचा तेलाचा डाग. एक जागा जरी रिकामी दिसली तरी फाटक बंद.

तसंच असेल असं काही नव्हतं. तिला काहीच ठाऊक नव्हतं, आणि खरी अडचण तीच होती. ती कितीतरी वेळ त्या डागाकडे बघत राहिली. मग तिने लिहिलेलं पुसलं, फोनमध्ये आणखी एक गोष्ट बदलली आणि बाहेर येऊन स्कूटीची किल्ली घेतली.

“बाबा, मी ओझरला जाऊन येते.”

“अगं, काही कळलं नाही अजून,” पुंजाराम म्हणाले. “तिथे जाऊन हसं झालं तर?”

“होऊ दे.”

पुंजारामांनी लेकीकडे पाहिलं. मग उठून खुंटीवरची दोन्ही हेल्मेटं काढली. “चल. मी मागे बसतो.”

द्वारका चौकातली गर्दी, मग आडगाव, मग हायवेचा बोचरा वारा. ओझरला पोचले तेव्हा सूर्य मावळत होता. कंपनीचं फाटक बंद होतं. वॉचमन म्हणाला, “आत कुणाला सोडत नाय, बाहेर कुणाला सोडत नाय. दुपारपासून हेच चाललंय.”

योगिनीने इतका वेळ रोखून धरलेला श्वास सोडला. पुंजाराम समोरच्या टपरीकडे बोट दाखवून म्हणाले, “मी तिकडे आहे,” आणि मुद्दाम पाठ करून बसले.

अंधारून आलं तेव्हा फाटक उघडलं. दमलेली माणसं एकेक करून बाहेर पडली. सगळ्यात शेवटी ज्ञानेश, कोपरापर्यंत काळा. बाहेर येता येता त्याने फोन चालू केला, पडद्यावर काहीतरी बघितलं आणि जागीच थांबला. मग मान वर केली. रस्त्याच्या कडेला योगिनी उभी होती.

“योगिनी... मी...”

“सापडला?”

“सापडला. पंखाच्या आत, झाकणामागे. माझाच होता, माझीच चूक.” तो हात पुसायला काहीतरी शोधू लागला. “अगदी तसाच पाना बाहेर माझ्या गाडीच्या डिकीत आहे. कसाही आत आणून फळीवर लावला असता, तर चारला तुझ्या दारात असतो. मनात आलं होतं. खोटं नाही बोलत.”

“मग?”

“मग काय. त्या विमानात उद्या कुणीतरी बसणार आहे.”

तिने आपला रुमाल पुढे केला. त्याने तो घेतला, पण हात पुसायचं विसरला. फोनकडे बघत म्हणाला, “तुझं लास्ट सीन दिसतंय.”

“हो.”

“चुकून चालू झालं?”

“नाही.” आता थांबलो तर बोलणं होणार नाही, हे तिला कळत होतं. “आजींना मी अर्धंच उत्तर दिलं रे. ते स्थानक नुसतं भीतीवर वर टिकलेलं नाही. आपल्या हातून चुकूनही कुणाच्या वाटेत खडा राहू नये, म्हणून दिवसभर शोधत बसणारी माणसंही असतात. मला तू आवडतोस, ज्ञानेश. भीती अजून वाटते. पण आवडतोस.”

आता तिने त्याची माकडटोपी दोन्ही हातांनी कानांवर नीट ओढली, आणि तो लहान मुलासारखा मान वाकवून उभा राहिला.

“मला तर त्या टाकीतूनच आवडली होतीस,” तो म्हणाला. “दातांत टॉर्च होता, म्हणून बोलता आलं नाही.” मग वर बघत विचारलं, “आज दिसेल का ते?”

“आज नाही. आज ते आपल्या बाजूने नाही जाणार. पण आहे वर.”

टपरीवरून पुंजारामांनी हाक मारली. मान अजून पलीकडेच वळलेली होती.

“योगू, चहा दोन सांगू का तीन?”

“तीन, बाबा,” योगिनी म्हणाली.