डावा खांदा अर्धा इंच खाली

मास्तरांनी नेहमीसारखं सकाळी दुकान उघडलं, टेबल पुसलं, खडूला टोक काढलं आणि टेप गळ्यात टाकली. काम साधंच होतं. बँडचा म्होरक्या कोटाच्या मापाला येणार होता. नमुन्याचा एक कोट नीट बसला, की चाळीस कोटांचं काम मिळणार होतं. नाही बसला तर दुकान बंद करायचं, असं मास्तरांनी आणि त्यांच्या बायकोनं आदल्याच दिवशी ठरवलं होतं.

म्होरक्या आला आणि हात पसरून उभा राहिला. "पोट आत घेऊ का मास्तर?"

"वाजवताना घेता का?"

म्होरक्या खो खो हसला. छाती बेचाळीस भरली. बायकोनं वहीत आकडा लिहिला. म्होरक्याची जीभ मात्र स्वस्थ बसेना. "तुमच्या धाकट्या भावाचं दुकान बघितलं हो, नदीपलीकडचं. नुसत्या काचाच काचा. मागचं सगळं सोडून दिलं म्हणून एवढा वर गेला. राग मानू नका, पण तुम्ही तेच तेच उगाळत बसलात."

मास्तरांनी टेप खांद्याला लावली. धाकट्याला त्यांनीच वाढवलं होतं. कापायला शिकले तेही त्याच्याच अंगावर. त्याला स्टुलावर उभं करायचं, कच्ची शिलाई मारून कोट चढवायचा, चुकलं की उसवायचं. लहानपणी झाडावरून पडल्यापासून त्याचा डावा खांदा अर्धा इंच खाली होता. आठ वर्षांपूर्वी एके दिवशी मास्तर दुकानात आले तर कागदी नमुने नाहीत, दोन मशीन नाहीत, धाकटाही नाही. आठवडाभरात मोठी गिऱ्हाइकंही तिकडे गेली. पोटच्या पोरासारखा वाढवलेला माणूस पाठीत सुरा घालून गेला, आणि मास्तरांना धड रडताही आलं नाही.

तेव्हापासून त्यांच्या हाताला काहीतरी झालं. माप कुणाचंही घ्या, कोट व्हायचा धाकट्याचा. छाती अडतीस, डावा खांदा अर्धा इंच खाली. परत आलेले कोट मागच्या दांडीवर लटकत राहिले.

"अहो, आज तरी त्याला मनातून काढा," बायको म्हणाली. आठ वर्षं ती हेच सांगत होती. "त्याच्या आठवणीनं वाटोळं केलंय आपलं."

या वेळी खडूच्या प्रत्येक रेघेला तिनं आकडा मोठ्यानं वाचला. मास्तरांनी तीनदा ताडून पाहिला, मगच कात्री घातली. भर दुपार होती, रस्ता निपचित पडला होता. कापडावर गरम इस्त्री टेकली तशी वाफ उठली, आणि वाफेला औषधांचा वास आला... आजाऱ्याच्या बंद खोलीत येतो तसा. मास्तरांनी खिडकी उघडली. वास गेला नाही.

तिसऱ्या दिवशी म्होरक्यानं कोट चढवला, तो खांद्यातच अडकला.

"पोराचा शिवलात की काय?" तो म्हणाला. मग मास्तरांचा चेहरा बघून वरमला. "पंधरा दिवस देतो. अजून एकदा बघा."

तो गेल्यावर मास्तरांनी कोटाला टेप लावली. छाती बत्तीस. डावा खांदा अर्धा इंच खाली. ते उठले, दांडीवरचे कोट ओळीनं, मोठ्यानं मोजत गेले. अडतीस. अडतीस. छत्तीस. या वर्षीचा, चौतीस.

"आणि आजचा किती...?" बायकोनं विचारलं.

"बत्तीस."

ती आत जाऊन बटणांचा डबा घेऊन आली. बटणांखाली तीन पत्रं होती, तिन्ही फोडलेली, अक्षर धाकट्याचं. शेवटचं दोन महिन्यांपूर्वीचं. 'दादा, अंग रोज झिजतंय. छाती चौतीसवर आली. माझ्या दुकानातला एक कोट मला बसत नाही. चुकलो मी. तुझ्या हातचा एक शिवशील?'

"तुम्ही लगेच माफ केलं असतं," ती म्हणाली. "त्यानं पुन्हा लुबाडलं असतं... म्हणून नाही दिली."

मास्तर तिच्याकडे बघत राहिले. धाकट्यानं दुकान नेलं होतं. हिनं भाऊच नेला. वर रोज त्याला विसरा म्हणत होती, आणि मास्तर त्या बोलण्यालाच माया समजत होते. त्यांनी बत्तीसचा कोट पिशवीत घातला आणि बस पकडली.

काचांच्या दुकानाचं शटर खाली होतं. वरच्या खोलीत भावजय दाराशीच बसली होती. "सकाळीच गेले, भाऊजी. त्यांच्या अंगाला एक कपडा बसेना..."

खोलीत तोच औषधांचा वास होता. मास्तरांनी धाकट्याला उचलून कोट चढवला, लहानपणी चढवायचे तसाच. बटणं लागली. डावा खांदा तंतोतंत बसला. तेव्हा कुठं मास्तर रडले.

पुढचे पंधरा दिवस ते बायकोशी कामापुरतंच बोलले. पण हात मोकळा वाटत होता. म्होरक्याचा कोट त्यांनी एकट्यानं बेतला, कात्री लोण्यातून फिरावी तशी फिरली.

म्होरक्या आला. कोट त्याच्या दंडांवरून वर चढेना. या खेपेला तो हसला नाही. कोट टेबलावर ठेवून निघून गेला.

मास्तरांनी कोट उलगडला. दोन्ही खांदे सारखे होते. खांदे अरुंद, कंबर बारीक. छाती पस्तीस.

"बघू बरं," म्हणून बायकोनं तो हातातून घेतला आणि अंगात घातला. काहीतरी बोलणं निघावं, एवढ्यासाठीच. बटणं लावून ती आरशासमोर वळली आणि कितीतरी दिवसांनी हसली. "अहो, हा तर माझाच बेतल्यासारखा झालाय. बसला ना?"

तीस वर्षं तिचे कपडे मास्तरच शिवत होते. तिची छाती छत्तीस होती. त्यांनी जवळ जाऊन काखेखाली दोन बोटं घालून पाहिली. कोट कुठंच आवळत नव्हता.

"बसला," मास्तर म्हणाले.