निवळलेलं पाणी

"चूक माझी नाही आणि मी सही करणार नाही," खुर्चीत बसण्याआधीच ती म्हणाली. खांद्यावर आठ महिन्यांचं बाळ झोपलं होतं, म्हणून आवाज अगदी हळू.

पाणीखात्याच्या प्रयोगशाळेत ती तलावाचं पाणी तपासायची. शनिवारी तिने अहवाल दिला: जनावरांना पाजायला हरकत नाही. मंगळवारी ते पाणी पिऊन शेळीवाल्या आजीच्या तीन शेळ्या मेल्या. साहेबांनी लगेच पत्र दिलं. आठ दिवसांत चूक कबूल करा, नाहीतर नोकरी गेली समजा.

"शनिवारी पाणी कसं होतं?" ताईंनी विचारलं. खासगी तपासाच्या कामात त्यांची वीस वर्षं गेली होती.

"हिरवंगार. दिसतं शेवाळासारखं, पण असतात सूक्ष्म जिवाणू. आजीच्या शेळ्या त्याला तोंडही लावत नव्हत्या. सोमवारी संध्याकाळी एकदम तळ दिसायला लागला. मंगळवारी वरिष्ठांची पाहणी होती."

"तुम्ही तपासता कसं?"

"नियमाप्रमाणे. पाणी कागदातून गाळायचं, गाळलेलं तपासायचं, हिरवा गाळ फेकायचा. मी फेकत नाही. तीन आठवड्यांचे कागद तारखा घालून बर्फात ठेवलेत. गाळही तपासू या, असं तीनदा लिहून दिलं. साहेब म्हणाले, नसती उठाठेव."

"हिरवं असताना ठीक आणि नितळ झाल्यावर विषारी?" भाऊजी म्हणाले. ताईंच्या बहिणीचे हे यजमान निवृत्तीनंतर प्रत्येक तपासात सोबत असत. "सगळं उफराटंच आहे."

"ते कागद दुसऱ्या शहरात तपासायला धाडू," ताई म्हणाल्या. "आणि भाऊजी, जरा बाळाला घ्या. तिचे हात भरून आलेत."

तलावाकाठच्या रोपवाटिकेचा मालक आधीच वैतागलेला होता.

"खताचं पाणी तलावात जातं, नाही कुठे म्हणतोय? पण वर्षानुवर्षं जातंय. शेळ्या आत्ताच बऱ्या मेल्या." त्याने वरच्या प्लास्टिकच्या छताकडे बोट केलं. "तीन आठवडे हे फडफडलेलं नाही. वारा नाही, नुसती काहिली."

कोपऱ्यात मोरचुदाचं पोतं उघडं पडलं होतं. खाली निळी पूड.

"बुरशीवर मारतो. अर्धं गाव माझ्याकडूनच नेतं."

बाहेर आल्यावर भाऊजींनी बाळाला दुसऱ्या खांद्यावर घेतलं. "हाच तो. चेहराच सांगतोय."

"चेहरा उन्हाने रापलाय, भाऊजी."

साहेब तलावावरच भेटले. "शेवाळ वाऱ्याने पांगलं. पाणी आपोआप निवळलं."

"खात्याची होडी?"

"कुलपात. किल्ली फक्त माझ्याकडे. दोन महिने जागची हललेली नाही."

होडीत एक लोखंडी बादली होती, आतून तांबूस.

"गंज," भाऊजी म्हणाले.

ताईंनी आतून बोट फिरवलं. बोट कोरडं, स्वच्छ. तांबूस भाग मात्र नव्या तारेसारखा चमकत होता.

सातव्या दिवशी साहेबांच्या खोलीत सगळे जमले. पाहणीच्या वरिष्ठ बाईही होत्या.

"साहेब वाऱ्याचं नाव घेतात, पण वारा नव्हताच," ताईंनी सुरुवात केली. "आणि गंज बोटाला लागतो. बादलीतला थर तांब्याचा आहे. मोरचुदाच्या पाण्यात लोखंड भिजलं की त्यावर तांबं चढतं, शाळेतला प्रयोग. दोन महिन्यांचं तांबं काळवंडलं असतं. म्हणजे शेवाळ मारायला मोरचूद टाकत होडी नुकतीच फिरली. किल्ली कुणाकडे, ते साहेबांनीच सांगितलंय."

"म्हणजे रोपवाटिकावाला नाही?" भाऊजी पुटपुटले.

"शेवाळ मारलं, त्यात काय गुन्हा?" साहेब उसळले. "पाहणीला हिरवा डोह दाखवायचा होता? शेळ्या काही माझ्या मोरचुदाने मेल्या नाहीत."

"नाही. शेवाळाच्याच विषाने मेल्या. कागदांचा निकाल आलाय. पहिल्या आठवड्यात विष नावाला, तिसऱ्या आठवड्यात तीसपट. हिरवा रंग मात्र तोच. उष्णता, थांबलेलं पाणी आणि खतातला नत्र, या तिन्हींवर पोसून त्या जिवाणूंनी जास्त विष बनवलं. पण ते त्यांच्या पेशींच्या आत होतं, गाळाबरोबर कागदावरच राहत होतं. तुमच्या नियमाने तपासलं तर पाणी निर्धोकच दिसणार. मग तुम्ही मोरचुदाने एका दिवसात सगळ्या पेशी फोडल्यात. विष पाण्यात उतरलं, पाणी देखणं झालं, आणि शेळ्या प्यायल्या."

वरिष्ठ बाईंनी साहेबांचं पत्र उचलून फाडलं.

"हे मागे घेतलं. पण बाहेर वाच्यता नको. तुझ्याच भल्यासाठी सांगते."

"तलावात विष अजून आहे," ती म्हणाली. "आजीच्या दोन शेळ्या उरल्यात. पोरं पोहायला जातात. काठावर फलक हवा."

"फलकाला परवानगी लागते," साहेब म्हणाले. "महिना जाईल."

"तुम्ही परवानगी काढा. तोवर मी लावते."

"नोकरी नुकतीच वाचलीय. विसरू नकोस."

"नाही विसरले." तिने भाऊजींकडून बाळ घेतलं आणि दार उघडलं. "भाऊजी, फळी धरायला याल?"

तासाभरात फळी काठावर उभी राहिली. 'हे पाणी पिऊ नका, पाजू नका, यात पोहू नका.' त्याखाली तिने तपासणाऱ्याचं, म्हणजे स्वतःचं, पूर्ण नाव लिहिलं. साहेबांच्या खिडकीतून वाचता येईल एवढं मोठं.