सात सेकंदांचा हात

"टाचणे, माझी पाखरं गेली गं!"

शुक्रवारी दुपारी बाराच्या सुमारास हा फोन आला, तेव्हा टाचणीच्या पुढ्यात कुणाचा तरी पाण्यात पडलेला मोबाइल उघडा पडला होता. मोबाइल दुरुस्तीचं दुकान तिचं. सिमचा कप्पा उघडायची बारीक टाचणी कायम अंबाड्यात खोचलेली असायची, त्यामुळे खरं नाव लोक केव्हाच विसरले होते.

"गेली म्हणजे? उडाली का, बाई?"

"बाहेरची कशाला उडतील? फोनमधली गेली! आठ महिन्यांची, झाडून सगळी. परवा रविवारी वाचनालयात दाखवायचीत, आणि फोन साफ रिकामा!"

बाई म्हणजे शाळेतल्या चित्रकलेच्या बाई, आता निवृत्त. त्यांनी टाचणीला शंभरात पस्तिसाच्या वर मार्क कधी दिले नव्हते. शेजारच्या बाकावरचीला मात्र दर वेळी ऐंशी. ते ऐंशी टाचणीला चाळिशीतही खुपत होते. तरी तिने दुकानाचं शटर ओढलं.

वाटेत वाचनालयाच्या दारावर सूचना लावलेली होती. ती थांबून वाचून गेली. "खिडकीतली पाखरं. मोबाइलवर टिपलेला चाळीस मिनिटांचा चित्रपट. चित्रण आणि जोडणी : चित्रकलेच्या बाई. साहाय्य : त्यांचे भावोजी (दाण्याची पेटी). रविवारी सकाळी अकरा वाजता."

बाई मागच्या खोलीत खिडकीशी खुर्चीत बसल्या होत्या. बाजूला चालायचा वॉकर. आठ महिन्यांपूर्वी खुब्याचं हाड मोडलं, तेव्हापासून धाकट्या बहिणीच्या घरी या एका खोलीत. काचेला टेकून स्टँडवर फोन, काचेपलीकडे दाण्याची लाकडी पेटी, आणि तिच्यावर चार चिमण्या खुशाल भांडत होत्या. त्यांना कुठे काय कळलं होतं!

"शेवटचं कधी पाहिलंत?"

"सकाळी साडेनऊला. सगळं जोडून तयार होतं. मग मी आत व्यायामाला गेले. साडेअकराला येऊन बघते तर हे."

"सगळं म्हणजे मुळातलं चित्रणही?"

"तेही. मी काय करते, पहाटेच फोन चालू करून ठेवते. तो आपला दोन-तीन तास बघत बसतो. संध्याकाळी मी त्यातला मधला कचरा कापते आणि नुसती पाखरं ठेवते."

"फोनला कुलूप?"

"आहे की. एक दोन तीन चार."

टाचणीने कपाळावर हात मारला. "आणि दुसरीकडे उतरवून ठेवा म्हटलं होतं ते?"

"उतरवणार होते."

"होते!"

"ओरडू नकोस गं. त्या खिडकीपलीकडे मला जगच नाही उरलेलं. रविवारी आठ महिन्यांनी चारचौघांत जाणार होते. आता काय हात हलवत जाऊ?" बाईंचा आवाज फुटला. वर्गात डस्टर फेकून मारणाऱ्या बाईंना टाचणीने असं कधी पाहिलं नव्हतं. तिने मुकाट्याने फोन हातात घेतला.

चित्रणांच्या यादीत एकच तुकडा शिल्लक होता. पुसलेल्या गोष्टी महिनाभर जिथे पडून राहतात, ती फोनमधली कचरापेटी रिकामी.

"फोनच बिघडला असेल का?" बाईंनी विचारलं.

"बिघडलेला फोन कचरापेटी साफ करून ठेवत नाही, बाई. कुणीतरी आधी सगळं पुसलं, मग पेटीही रिकामी केली. समजून उमजून."

तिने उरलेला तुकडा लावला. सोमवार, सकाळचे सात वाजून बारा मिनिटं. कोवळं ऊन. तपकिरी बागकामाचा हातमोजा पुढे येतो, तळव्यावर दाणे. पिवळ्या छातीचं एक पाखरू थेट बोटावर उतरतं, एक दाणा उचलतं, मान वाकडी करून बघतं आणि उडून जातं. सात सेकंद.

"हा एवढा का राहिला?"

बाईंनी नजर खिडकीबाहेर नेली. "तो? तो हललेला आहे. सोमवारी मीच टाकून दिला होता."

टाचणीने पुन्हा पाहिला. हलला कुठे होता? पाखराच्या चोचीतला दाणासुद्धा स्पष्ट दिसत होता.

"हात कुणाचा?"

"भावोजींचा हातमोजा आहे तो."

"बरं. सकाळी घरात कोण कोण होतं?"

"धाकटी. दहानंतर भावोजी. आणि मला विचारशील तर सरळ जाऊन शेजारच्या त्या लेन्सवाल्यांना धर. साडेदहाला वर्तमानपत्र परत द्यायला आले होते, म्हणे वाट बघत इथेच बसले. एकटे! त्यांची फिल्म वाचनालयाने नाकारली ना, तेव्हापासून पोटात नुसती आग आहे त्यांच्या."

लेन्सवाले शेजारच्या अंगणात हाताएवढी लांब लेन्स कापडाने पुसत होते. आपल्यावर संशय आहे म्हटल्यावर त्यांचं नाक लाल झालं.

"जळतो मी! लपवतो कशाला? एवढा महागडा कॅमेरा घेऊन मी झाडाखाली डास मारत बसतो आणि पाखरं सगळी हिच्या खिडकीत. आमच्याकडे येतात ती पाठ करून बसतात!"

"फोनला हात लावलात?"

त्यांनी कापडाची घडी केली, पुन्हा उलगडली. "लावला. बघायचं होतं, एवढं काय टिपलंय ते. पण आत काहीच नव्हतं, एक हातमोज्याचा तुकडा सोडून. तो मात्र तीनदा पाहिला. चाळीस वर्षांत मला असा एक मिळाला नाही."

"आणि बाईंना सांगितलं नाहीत?"

"सांगून माझ्याच गळ्यात पडलं असतं. पडलंच आहे म्हणा."

टाचणी परतली तेव्हा भावोजी डोळे चोळत ओट्यापाशी बसले होते. बेकरीत भट्टीवर कामाला होते ते.

"दाण्याची पेटी तुमची?"

"मग? मीच बनवली, मीच ठोकली. दाण्याची गोणीही मीच आणतो. उगाच नाही आलं नाव दारावर!"

"कामावर कधी निघता?"

"पहाटे चारला. भट्टी कुणासाठी थांबत नाही. दहाला घरी आलो, दोन घास खाल्ले आणि आडवा झालो. फोनबिन मला कळत नाही."

धाकटी पाठमोरी भांडी विसळत होती. मागच्या दाराच्या कडीवर तपकिरी हातमोज्यांची जोडी वाळत होती.

"ताई, तुम्ही सकाळी कुठे होतात?"

"इथेच. मी आणखी कुठे असणार?" तिने मागे न बघता सांगितलं.

"वाचनालयातली सूचना पाहिलीत?"

"भाजी आणायला त्याच रस्त्याने जाते मी." एक ताटली जरा जोरात आपटली.

टाचणीने अंबाड्यातली टाचणी काढली, उगाच कपड्याला पुसली, पुन्हा खोचली. मग लेन्सवाल्यांना हाक मारली आणि सगळ्यांना खिडकीशी बोलावलं.

"चोराने काय नेलं ते सोडा," ती म्हणाली. "काय ठेवलं ते बघा. बाई, हा तुकडा तुम्ही सोमवारी टाकून दिलात. म्हणजे आज सकाळी तो कुठे होता?"

"कचरापेटीत."

"मग पेटी रिकामी झाल्यावर तोही जायला हवा होता. तो तर यादीत परत आलाय. म्हणजे पेटी ओतून देण्याआधी कुणीतरी एवढा एकच तुकडा हाताने उचलून बाजूला ठेवला. आठ महिने पुसणाऱ्याला या सात सेकंदांची माया का यावी?"

बाहेर एक चिमणी काचेवर चोच मारून गेली.

"लेन्सवाले जळतात, कबूल. पण ज्याला बाईंची फिल्म सलते, तो सगळ्यात आधी हाच तुकडा पुसेल. चाळीस वर्षांत असा एक मिळाला नाही, हे त्यांनीच सांगितलं. तेव्हा ते सुटले. उरला तो, ज्याचा हा हात आहे."

"माझा हातमोजा आहे," भावोजी गडबडीने म्हणाले, "पण मी नाही हां!"

"हातमोजा तुमचा. सव्वासातच्या उन्हात तुम्ही मात्र भट्टीपाशी. आणि पाखरू परक्याच्या बोटावर बसत नाही. रोज त्याच वेळी, त्याच हाताने महिनोन् महिने दाणे घातले तर बसतं." टाचणी वळली. "ताई, पेटी रोज तुम्ही भरता ना?"

धाकटीने पदराला हात पुसले. कोरडे झाले तरी पुसतच राहिली.

"आठ महिने," ती म्हणाली. "थंडीत, पावसात. काच पुसते, पेटी धुते. रोज सकाळी मी असते त्या फिल्ममध्ये. आणि रोज संध्याकाळी ही मला कापते. मी चहा घेऊन मागे उभी असते, माझ्यासमोर कापते. 'मधला कचरा' म्हणते त्याला! तेही गिळलं. काल दारावर वाचलं, साहाय्य भावोजी. ज्यांनी एक खिळा ठोकला ते!"

"चार खिळे," भावोजी पुटपुटले. कुणी लक्ष दिलं नाही.

"कैदाशिणी!" बाई ओरडल्या. "माझे आठ महिने खाल्लेस! तोंडाने सांगता आलं नसतं?"

"थांबा, बाई," टाचणी म्हणाली. "हा तुकडा हललेला नाही. नजर तुमची चित्रकाराची आहे, रेघ अर्धा केस वाकडी गेली तर मार्क कापायचात. मग सगळ्यात चांगला तुकडा कचऱ्यात का गेला? मला वाटतं, आग या घरात दोन ठिकाणी लागली होती. धूर एकीचाच दिसला."

बाईंनी वॉकर जवळ ओढला.

"मी दिवसभर इथे बसते," त्या म्हणाल्या. "काचेला बोट लावून. बोलवते, शीळ घालते. एकानेही कधी ढुंकून पाहिलं नाही. आणि ही दोन मिनिटं बाहेर जाते, तर हिच्या बोटावर! नाही बघवलं मला. हिला सगळं न मागता मिळतं, लहानपणापासून."

"मला?" धाकटी रडता रडता हसली. "तुझी चित्रं भिंतीवर लागायची, ताई. खिळे मी ठोकायची."

लेन्सवाले हळूच उठून निघून गेले. जाताना वर्तमानपत्र पुन्हा घेऊन गेले.

"टाचणे, काही परत येईल का?" बाईंनी विचारलं.

"नाही, बाई. ते गेलं. खोटं कशाला सांगू?"

बाईंनी डोळे मिटले. मग त्यांनी फोन मागून घेतला, तो तुकडा लावला, एकदा, दोनदा, आणि शेवटी कचरापेटीत न टाकता स्टँडवर ठेवला.

"रविवारी हे दाखवीन," त्या म्हणाल्या. "पण सात सेकंदांत लोकांची खुर्चीसुद्धा गरम होणार नाही. उद्या शनिवार. सातला पेटी भरायला जाशील ना?"

धाकटीने मान हलवली.

"हात जरा सावकाश पुढे कर. आणि तो मोजा काढ. कुणाचा हात आहे ते दिसू दे."

"आणि मोजा काढल्यावर पाखरू आलंच नाही तर?"

"नाही आलं," बाई तिच्याकडे न बघता म्हणाल्या, "तर मला जरा बरं वाटेल."