शेजारची सीट

उन्हाळ्यात गाड्यांचे एसी दुरुस्त करणारा माणूस देव असतो आणि थंडीत त्याला कुत्रं विचारत नाही. त्यामुळे भर उन्हाळ्यातल्या त्या दुपारी तो जुना ट्रक गॅरेजसमोर येऊन थांबला, तेव्हा मी मान वर करूनही पाहिलं नाही. इंजिनाच्या खोकल्यावरूनच गाडीचं वय कळलं होतं. ‘आजोबा आले,’ असं मनाशी म्हटलं, हातातलं काम संपवलं आणि मग उठलो.

चालकाच्या जागेवरून एक बाई खाली उतरली. चाळिशीची असेल. घामानं चिंब झालेली.

“दादा, एसी बघता का? माझ्या बाजूला नुसती भट्टी आहे. आणि त्या बाजूला...” तिनं शेजारच्या रिकाम्या सीटकडे बोट केलं, “बर्फ.”

“गॅस कमी असेल, ताई. मग कॉइल अर्धवट थंड होते. एकीकडे गार, एकीकडे गरम.”

“सगळे हेच म्हणाले. गॅस भरला, तरी जैसे थे. परवा गाडी चालवता चालवता डोळ्यांपुढे अंधारी आली. ट्रक कडेच्या मातीत रुतला म्हणून वाचले.”

मी गेज लावले. गॅस भरपूर होता. पट्टा ताठ, कॉम्प्रेसर कुरकुरत का होईना, पण इमानानं फिरत होता. म्हणजे दुखणं आत, डॅशबोर्डच्या मागं कुठंतरी होतं. ते बघायला मी शेजारच्या सीटवर चढून बसलो.

कसं सांगू तुम्हाला... एसीचा गारवा समोरून येतो, तोंडावर येतो. हा खालून येत होता. ओल्या भिंतीला उघडी पाठ टेकावी, तसा तो सीटमधून माझ्या कण्यात चढला. मी समोरची जाळी बंद केली. गारवा तसाच. आणि त्यात एक वास होता, नुकत्याच केलेल्या दाढीच्या साबणाचा. बाहेर रस्त्यावरचं डांबर वितळत होतं आणि माझ्या हातावर काटा उभा होता.

“इथं कोण बसतं, ताई?”

तिनं मनगटानं कपाळावरचा घाम पुसला.

“आधी मी बसायची. गाडी हे चालवायचे. ह्यांना उकाडा अजिबात सोसायचा नाही. दोन्ही जाळ्या स्वतःकडे वळवून घ्यायचे. मी म्हणायची, अहो, मी काय दगड आहे? त्यावरून आमचं रोजचं भांडण.” ती हसली आणि हसता हसताच तिचा चेहरा उतरला. “गेले तेही ह्याच केबिनमध्ये. झोपेत. दीर म्हणाले, गाडी विकून टाका. मी चालवायला शिकले.”

मी डॅशबोर्डचं खालचं झाकण काढलं. दुखणं अगदी क्षुल्लक निघालं. चालकाच्या बाजूला हवा नेणारा पाइप सांध्यातून निसटला होता आणि तिच्या वाट्याचा गारवा डॅशबोर्डच्या मागं वाया जात होता. पाइप बसवला, क्लिप आवळली, एसी चालू केला. गार झोतानं तिच्या कपाळावरचे केस उडाले. मला वाटलं, आता म्हणेल, दादा, जीव वाचवलात.

तिनं हात लांब करून शेजारच्या सीटवर तळवा ठेवला. मीही ठेवला. सीट गरम होती. उन्हात उभ्या असलेल्या कुठल्याही गाडीची असते तशी. साबणाचा वास गेला होता.

“पाइप काढा,” ती म्हणाली.

“वेड्या आहात का? पुन्हा चक्कर येईल. दर वेळी कडेला मातीच असेल असं नाही.”

“मग ह्यांनी कुठं बसायचं?”

आमची ही जाऊन बरीच वर्षं झाली. ह्या बाईच्या माणसानं निदान एक जागा धरून ठेवली होती. माझ्या घरात कधी भांडं वाजलं नाही, पडदा हलला नाही, साधा भासही झाला नाही. खोटं कशाला बोलू, त्या क्षणी मला त्या बाईचा हेवा वाटला. मी निमूटपणे क्लिप सैल केली आणि पाइप ओढून काढला.

पण सीट गरमच राहिली.

“अहो...” तिनं हळूच हाक मारली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, “दादा, तुम्ही जरा खाली उतरा.”

मी सावलीत जाऊन उभा राहिलो. तिनं काचा वर केल्या, इंजिन बंद केलं. त्या उन्हात बंद केबिन म्हणजे चुलीवरचा डबा. काचेतून तिचे ओठ हलताना दिसत होते. मधेच थांबत होती, मान डोलवत होती, एकदा रागावल्यासारखी दिसली. मग स्टिअरिंगवर डोकं टेकून बसली, ती हलेचना. मी धावलो आणि दार ओढलं.

आतून थंडगार हवा अंगावर आली. इंजिन बंद होतं. दाढीच्या साबणाचा वास घमघमत होता.

तिनं डोकं वर केलं. गाल ओले होते, पण चेहरा निवलेला.

“लावा तो पाइप, दादा. हे म्हणतात, लावा.”

“कोण... म्हणतं?”

“म्हणतात, मला आता नको. तुला लागेल.”

डॅशबोर्डखाली डोकं घालून पाइप बसवत होतो, तेव्हा कानाजवळ कुणीतरी सावकाश श्वास सोडला. गार श्वास. मी वळून बघितलं नाही. अशा वेळी वळू नये. क्लिप मात्र जन्मात आवळली नसेल इतकी घट्ट आवळली.

ती निघाली तेव्हा मी म्हणालो, “सांभाळून जा.” तिनं सवयीनं शेजारी पाहिलं, मग समोर रस्त्याकडे, आणि गिअर टाकला. ट्रक वळणाआड जाईपर्यंत मी उभा होतो. ती पुन्हा कधी आली नाही. एसी ठीक चालत असणार.

मागं वळलो. ट्रक उभा होता तिथं एसीचं पाणी ठिबकून छोटं डबकं साचलं होतं. त्यात नवल नाही, ते साचतंच. पण डबक्यातून ओली पावलं निघाली होती. अनवाणी, लहान, बाईमाणसाची. ट्रकवाली तर जाडजूड बूट घालून आली होती. पावलं रस्त्याकडे गेली नव्हती. माझ्या गॅरेजमध्ये शिरली होती, टेबलाला वळसा घालून, माझ्या खुर्चीपर्यंत. परतीचं पाऊल एकही नव्हतं.

मी आमच्या हिचं नाव घेऊन हाक मारली. हळूच. कुणी ओ दिली नाही...

नाही, तिथं नको, तुम्ही इकडे स्टुलावर बसा. मीही त्या खुर्चीत बसत नाही. दिवा जरा खाली धरून बघा हवं तर. किती उन्हाळे आले आणि गेले, पण खुर्चीच्या पायाशी असलेली ती फरशी अजून वाळलेली नाही.