खिडकीतला चष्मा

"मागे काही नाही गं मावशी. नुसतं स्वयंपाकघर आहे."

थिएटरच्या अंधारात, बरोब्बर माझ्या मागच्या खुर्चीवरून हे वाक्य आलं आणि पॉपकॉर्नचा घास माझ्या हातातच राहिला.

काही नाही? *नुसतं?*

त्या नुसत्या स्वयंपाकघरावर मी अख्खा उन्हाळा खर्ची घातला होता. टेबलावरचे कपाचे गोल डाग, गळक्या नळाला बांधलेलं फडकं, खिडकीच्या कट्ट्यावर आजोबांचा चष्मा... त्याच्या एका काचेला तडा. मी कार्टून फिल्मच्या स्टुडिओत काम करते. पात्रं दुसरे काढतात. ती हसतात, रडतात, भाव खाऊन जातात. त्यांच्या मागचं घर, रस्ता, आभाळ – ते माझं.

सिनेमा नुकताच लागला होता आणि मी एकटीच बघायला आले होते, एका हेतूने. बिस्किटांच्या कंपनीने पुड्यांवरची चित्रं काढायला मला बोलावलं होतं. शुक्रवारी उत्तर द्यायचं होतं. आई म्हणाली होती, "निदान पुडा हातात तरी घेतात गं लोक. तुझ्या त्या भिंती बघतं कोण?" ते मला फार लागलं होतं, कारण मलाही तसंच वाटायला लागलं होतं. म्हटलं, एकदा थिएटरात बसून बघू. कुणाची एकाची जरी नजर मागे गेली, तर राहू. नाहीतर बिस्किटं.

आणि आता हा उत्तर देऊन मोकळा झाला होता. मी गर्रकन मागे वळले.

"काही नाही कसं? खिडकीत चष्मा आहे. पडद्याची एक कडी निसटलीय. नळ गळतोय!"

मागे एक तरुण होता, चांगला लांबलचक, पाय कुठे ठेवावेत हे न सुचलेला. शेजारी डोळ्याला पट्टी बांधलेल्या एक बाई. त्या खुदकन हसल्या.

"बघ! मी म्हटलं ना, हा चोरटा माणूस आहे, अर्धंच सांगतो. डोळ्याचं ऑपरेशन झालंय माझं, मुली. डॉक्टरांनी बघू नका सांगितलंय, ऐकू नका असं कुठे सांगितलंय? तू सांग पुढचं."

"मावशी, अगं त्यांना सिनेमा बघू दे–"

"माझा बघून झालाय," मी म्हणाले. आणि मग काय... तो पुढचं सांगायला लागला आणि मी मागचं.

गोष्ट तशी साधी. कळपातून पळालेला एक चिमुकला ढग एका मुलीच्या घरात शिरतो आणि किटलीत लपून बसतो. तिचे आजोबा नुकतेच गेलेत, ती कुणाशी बोलत नाहीये. ढग घरभर सांडतो, आरसे धूसर करतो, तिला हसवतो. पण हसण्याबरोबर तोही फुगत जातो, घरात मावेनासा होतो, आणि शेवटी तिला स्वतःच्या हाताने खिडकी उघडावी लागते.

"ढग जिन्यात अडकलाय," तो कुजबुजला.

"जिन्यावर तिची लहानपणीची उंची खडूने मांडलीय," मी कुजबुजले.

"ती त्याला मागून ढकलतेय. गाल फुगवून. साधारण... आत्ता तुम्ही फुगवलेत तसे."

"मी नाही फुगवलेले!"

"शूऽऽ!" आजूबाजूच्या निम्म्या रांगेने आम्हाला दटावलं. मावशी तर हसून हसून डोळ्याची पट्टी सांभाळत होत्या.

शेवटी दिवे लागले. नावांची पाटी वर सरकायला लागली आणि लोक भराभर उठले. पोरांना ओढत, चपला शोधत. मीही उठणार होते. पण तो बसून राहिला. आणि एकेक नाव मोठ्याने वाचायला लागला.

"मावशीला सगळ्यांची नावं ऐकायची असतात," तो जरा ओशाळून म्हणाला. "बालवाडीच्या बाई होत्या. हजेरी घेतल्याशिवाय सोडत नाहीत."

पार्श्वभूमीचा मथळा आला. त्याने माझं नाव वाचलं. रिकाम्या थिएटरात, स्पष्ट, नीट. पॉपकॉर्नचा डबा माझ्या हातून निसटून खाली पडला.

मावशींनी मान वळवली. "मुली, ती कडी तुझीच ना गं?"

तो कानापर्यंत लाल झाला. "म्हणजे ते... मी ज्याला काही नाही म्हणालो... अरे देवा."

"काय करता तुम्ही?" मी विचारलं.

"माझं चष्म्याचं दुकान आहे," तो म्हणाला.

मी आणि मावशी इतक्या हसलो की झाडू मारायला आलेला माणूसही थांबला. हसता हसताच दुकानाचा पत्ता माझ्या हातात आला. "या एकदा. डोळे तपासून देतो... माझे तुम्ही तपासा," तो म्हणाला.

जायचं नाही असं मी दर सकाळी ठरवत होते. एका वाक्यावरून माणसाची पारख झाली होती ना? काही नाही म्हणाला होता! पण ब्रश धुताना तो आवाज आठवायचा, माझं नाव वाचणारा, आणि पाणी वाहत राहायचं. गुरुवारी संध्याकाळी पाय आपोआप तिकडे वळले.

दुकान अरुंद होतं, भिंतभर फ्रेमा. कोपऱ्यात मावशी बसलेल्या, पट्टी सुटलेली, काळा गॉगल लावून ऐटीत. त्याने मला तपासणीच्या खुर्चीवर बसवलं आणि नाकावर ती जड, गोल चौकट चढवली.

"हे स्पष्ट, की..." त्याने भिंग बदललं, "हे?"

"दोन्हींत तुम्ही काळजीत दिसताय."

"आहेच." तो समोर बसला. "मी परत गेलो होतो सिनेमाला. रोज. पात्रांकडे बघायचंच नाही असं ठरवून. खडू बघितला, कडी बघितली... आणि मला एक सापडलंय. सांगू की नको कळत नाहीये. रागवाल."

"सांगा."

"चष्मा. पहिल्यांदा दिसतो तेव्हा तडा डाव्या काचेला आहे. शेवटी, ढग गेल्यावर, उजव्या."

मी डोळे मिटून ती खिडकी आठवली. शेवटच्या प्रसंगात खिडकी दुसऱ्या बाजूला उघडायची होती, म्हणून जुनंच चित्र आरशातल्यासारखं उलटवलं होतं. नळ, पडदा, फडकं, सगळं मी परत आपापल्या जागी आणलं होतं. चष्मा राहिला! स्टुडिओत कुणाच्या, कुणाच्याही लक्षात आलं नव्हतं. आता तो असाच राहणार, जगभर.

"माझी चूक," मी म्हणाले, आणि रडू आलं. "संपलं. बिस्किटंच बरी..." मग त्याला सगळं सांगावं लागलं. पुडे, शुक्रवार, आईचं बोलणं.

तो पार भांबावला. "अहो, मी चूक काढायला नाही... मी तर..."

"चूक कसली?" कोपऱ्यातून मावशी म्हणाल्या. "चष्मा फिरवून ठेवला तर तडा दुसऱ्या बाजूला दिसणारच. पोरीने घातला असणार तो. आजोबांचा चष्मा लावून ढगाला लांबपर्यंत बघत राहिली. आणि मग ठेवताना उलटा ठेवला. एवढं साधं कळत नाही तुम्हाला?"

मला ती मुलगी दिसली, नाकावरून घसरणारा चष्मा सावरत, खिडकीत उभी. सिनेमात नसलेला तो प्रसंग सिनेमातला सगळ्यात सुंदर प्रसंग होता. आणि तो माझ्या खिडकीत घडला होता.

"मी तर काय?" मी डोळे पुसत विचारलं. "तुम्ही वाक्य अर्धं सोडलंत."

"मी चोरटा आहेच." त्याने ती जड चौकट हलकेच माझ्या नाकावरून उतरवली. "मी तर... तू रंगवलेल्या घरात आठवडाभर राहून आलोय. आता मला दुसरीकडे करमत नाही. तुझ्यावाचूनही नाही."

*तू.* कधी झालं ते, त्यालाही कळलं नसावं. मी त्याचा हात तेवढा धरला. शुक्रवारी बिस्किटवाल्यांना फोन करून नकार कळवला. आईला म्हणाले, "बघतं कोण, विचारत होतीस ना? रविवारी घरी आणते."

त्याआधी मात्र तिघं पुन्हा सिनेमाला गेलो. मावशींच्या नाकावर त्याने बनवलेला नवा कोरा चष्मा. ढग उडाला, कट्ट्यावर उलटा चष्मा दिसला आणि अंधारात त्याची बोटं माझ्या बोटांत गुंतली.

"पुढे काय चाललंय रे?" मावशींनी सवयीने विचारलं.

"काही नाही गं मावशी," तो माझ्याकडे बघत म्हणाला. "नुसता ढग आहे."

"हो का?" मावशींनी चष्मा वर सरकवला. "आता मला दिसतं बरं का सगळं. पुढचंही आणि शेजारचंही."