तीन पायांचा मनोरा

"माझी रचना पडत नाही," खडकवाली म्हणाली. "पडली असेल, तर कुणीतरी तिला हात लावलाय."

हेरबाईंनी तिच्याकडे नीट पाहिलं. चाळिशीची बाई, हातांवर सिमेंटचे डाग, डोळे लाल झालेले. पण आवाजात रडण्याचा मागमूस नव्हता. समुद्री माशांच्या आणि प्रवाळांच्या टाक्यांमध्ये ती खडकांची रचना करून द्यायची. म्हणून सगळे तिला खडकवालीच म्हणत.

हेरबाईंचे यजमान, निवृत्त भूगोलाचे मास्तर, कोपऱ्यातल्या खुर्चीत सरसावून बसले. हेरबाईंच्या प्रत्येक तपासात ते असत आणि प्रत्येक वेळी भलत्याच माणसावर संशय घेत.

"अहो, आधी ऐकून घ्या," हेरबाई त्यांच्याकडे न बघताच म्हणाल्या.

खडकवालीने सांगितलं. घड्याळं दुरुस्त करणारे एक काका होते. त्यांच्या दिवंगत पत्नीसाठी तिने काही वर्षांपूर्वी एक उभी, नळकांड्यासारखी गोल टाकी सजवली होती. परवा सकाळी आतला खडकांचा मनोरा कोसळला आणि काच तडकली. आवाज ऐकून काका धावले, पाण्यात घसरले आणि त्यांचं मनगट मोडलं.

"त्यांच्या मुलाने मला फोनवर वाट्टेल ते सुनावलं. तेवढ्यावर थांबला नाही. मुलांच्या रुग्णालयात मी अशीच गोल टाकी करणार आहे, हे त्याला त्याच्या मावशीकडून कळलं. त्याने तिथेही कळवलं. आता ते म्हणतात, आजारी पोरांच्या अंगावर पडणारी वस्तू आम्हाला नको."

"गोल टाकी अवघड असते का?" मास्तरांनी विचारलं.

"लांब टाकीत दोन बेटं करता येतात. एक मोठं, एक लहान, मधे थोडी बाजूला सरकलेली वाट. चौकोनीत कमान शोभते. गोल टाकीला मात्र मागची बाजूच नसते. माणूस कुठूनही बघणार! म्हणून मधोमध उंच मनोरा, चहूबाजूंनी काचेपासून सुटा. त्याला खाली तीन पाय. ते थेट तळाच्या काचेवर टेकवायचे आणि मग भोवती वाळू ओतायची."

"वाळूवर का नाही ठेवायचा?"

"त्या टाकीतला मासा बिळं करतो. सतत वाळू उपसतो. पाय काचेवर असले तर खुशाल उपसू दे, मनोरा हलत नाही."

"हे पाय बाहेरून दिसतात?" हेरबाईंनी विचारलं.

"छे! वाळूत गाडलेले. मला माहीत, टाकी बसवताना मदतीला होता त्या काचवाल्याला माहीत आणि काकूंना माहीत होते. काकू आता नाहीत."

हेरबाई उठल्या. "चला, टाकी बघू."

काकांची खोली लहान होती. खिडकीशी घड्याळं दुरुस्त करण्याचं टेबल, त्याच्याजवळ खुर्ची आणि खुर्चीसमोर ती टाकी. मनोरा खालच्या सांध्यापाशी मोडून काचेवर रेलला होता. बुडाचा भाग मात्र अजून वाळूतच रुतलेला होता, एका बाजूला कललेला. त्या बाजूला वाळूत बिळाचा खड्डा होता.

हेरबाईंनी पर्समधून स्टीलची पट्टी काढली, बाह्या सारल्या आणि काचेचा तुकडा निखळला होता त्या भोकातून हात घालून बुडाजवळ वाळूत पट्टी खुपसली. ती त्यांनी आडवी सरकवली. मग पुन्हा दुसऱ्या बाजूने. चेहऱ्यावर काहीच दिसू न देता त्यांनी पट्टी पुसून ठेवली.

शेजारी बादलीत एक पंप बुडबुडत होता. त्यात बोटभर लांबीचा एक पिवळ्या डोक्याचा मासा होता.

"वाचला बिचारा," मास्तर म्हणाले.

टाक्यांची साफसफाई करणारा काचवाला दारातच उभा होता. बुटका, बोलका माणूस.

"बाई, मी फक्त काच घासतो. खडकाला हात लावला तर खडकवाली माझे हात तोडेल! ते पाय काचेवर नीट टेकेपर्यंत तिने मला अर्धा दिवस टाकीत वाकवून ठेवलं होतं. माझी पाठ अजून विसरली नाही."

काकांच्या मेहुणीने, म्हणजे मावशींनी, सगळ्यांना चहा दिला. तोही डाव्या हाताने.

"उजवा खांदा वर्षभर आखडलाय. केससुद्धा विंचरता येत नाहीत मला," त्या म्हणाल्या. "टाकीचं सगळं भाऊजीच बघतात. डोळ्याच्या ऑपरेशनला गेले तेव्हा मी त्यांच्याबरोबर दवाखान्यात होते. तेवढे दिवस त्यांचा लेक इथे येऊन राहिला. त्याला मासे मुळीच आवडत नाहीत. म्हणतो, बाबांनी हे सगळं मोडून माझ्याकडे यावं."

मास्तरांनी बायकोला कोपराने ढोसलं. हेरबाईंनी दुर्लक्ष केलं.

काका आतल्या खोलीत पलंगावर बसले होते, हात प्लास्टरमध्ये.

"आमच्या हिची फार लाडकी होती ती," ते म्हणाले. "आजीबाई म्हणायचो आम्ही तिला. माझ्या बोटांतून खायची. हा लेकाचा बिळातून डोकंसुद्धा वर काढत नाही."

"ऑपरेशननंतर नीट दिसतंय ना, काका?"

"लख्ख! उलट जास्तच. मनोऱ्यात एक खिडकी होती, बरोबर माझ्या खुर्चीकडे तोंड केलेली. घरी आलो तर ती दाराकडे वळल्यासारखी वाटली. म्हटलं, नव्या डोळ्यांचा खेळ असेल."

शेवटी मुलगा आला. उंच, घाईतला, रागावलेला.

"तपास कसला करताय? त्या खोलीत मी पाऊलही टाकत नाही, पण एवढं मलाही कळतं. तीन टेकूंवर असला डोलारा उभा केला तर तो पडणारच! बाबांच्या डोक्यावर पडला असता म्हणजे?"

"खरं आहे," हेरबाई शांतपणे म्हणाल्या. "सगळ्यांना टाकीच्या खोलीत बोलवा. पाऊल टाकावं लागेल तुम्हाला."

सगळे टाकीभोवती जमले. काका त्यांच्या खुर्चीत बसले. खडकवाली भिंतीला टेकून, हाताची घडी घालून उभी राहिली.

"मनोरा कुणी पाडला नाही," हेरबाईंनी सुरुवात केली. "तो माशाने पाडला. पायाखालची वाळू उपसून."

"म्हणजे माझंच चुकलं?" खडकवाली ताठ झाली.

"तुम्ही पाय काचेवर टेकवले होते. मी पट्टी सरकवली तेव्हा ती पायांच्या खालून आरपार गेली. पाय आणि काच यांच्या मधे बोटभर वाळू आहे. म्हणजे मनोरा कुणीतरी उचलला होता आणि परत ठेवला. मधल्या वेळात वाळू घसरून त्या जागी भरली. ठेवताना तो थोडा फिरलाही. काका, खिडकी खरोखरच वळली होती. तुमचे डोळे उत्तम आहेत."

"काचवाला!" मास्तर पुटपुटले.

"अहो, ज्याला पाय टेकवताना पाठ मोडेपर्यंत वाकावं लागलं, तो मनोरा वाळूवर ठेवून देईल? मावशींना तर खांद्यामुळे कंगवाही उचलता येत नाही. म्हणजे मनोरा उचलणाऱ्याला पायांचं गुपित ठाऊक नव्हतं, पण उचलल्यावर पाय दिसले. मघाशी एकाने मला सांगितलं की डोलारा तीन टेकूंवर होता. ते टेकू आत्ताही वाळूत गाडलेले आहेत. बघा. कुणाला दिसतात?"

सगळ्यांच्या नजरा आधी टाकीकडे आणि मग मुलाकडे वळल्या.

"म्हणजे बापाला इथून हलवायचं म्हणून..." मास्तर तावातावाने उठले.

"बसा हो! टाकी फोडायचीच असती तर त्याने मनोरा जपून परत कशाला ठेवला असता?" हेरबाई मुलाकडे वळल्या. त्यांचा आवाज उतरला. "बिळात राहणारा मासा मनोऱ्याखालच्या बिळातच मेला, तर त्याला काढायला मनोरा उचलावाच लागतो. हो ना?"

मुलाने खाली बसून दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

"पाण्याला वास यायला लागला होता," तो म्हणाला. "बाबा ऑपरेशनला गेलेले. आईचा मासा... मी राहायला आलो आणि तो मेला! कसं सांगणार होतो? दुकानं पालथी घालून तसलाच आणला. मनोरा होता तसाच ठेवला, शपथेवर सांगतो. म्हणूनच मला वाटलं की मुळात रचनाच कच्ची होती."

"होता तसा दिसला," खडकवाली पुढे आली. "पण होता तसा नव्हता. एक फोन केला असतात तर मी धावत आले असते." तिने स्वतःचा फोन त्याच्यापुढे धरला. "माझ्या नावाला काळं फासलंत तुम्ही. आता रुग्णालयाला फोन लावा. इथे, सगळ्यांसमोर. आणि काहीही सौम्य करून सांगू नका."

मुलाने फोन लावला. त्याने स्वतःची चूक पूर्ण सांगितली. मग पलीकडून एका बाईंचा आवाज आला, "त्यांना म्हणावं, उद्या नकाशे घेऊन या."

खडकवालीने पिशवी खांद्याला लावली. तिला रात्रीत बरंच काम होतं.

"बाबा, मासा बदललाय हे तुम्हाला सांगायला हवं होतं मी," मुलगा म्हणाला. "चुकलं माझं."

"त्यांना ते ठाऊक आहे," हेरबाई म्हणाल्या. "मेली ती आजीबाई. बादलीतला तो 'हा लेकाचा'. काका बोलताना दोघांना एकदाही एक करत नाहीत."

मुलाने चमकून वर पाहिलं. "तुम्हाला माहीत होतं?"

"घरी आलो त्याच दिवशी," काका म्हणाले. "मनोरा काढला असेल हे मात्र डोक्यातच आलं नाही."

"मग बोलला का नाहीत?"

काका प्लास्टरची कड चाचपत राहिले.

"तू फोन करायला लागलास ना. मासा खातो का, मासा दिसला का, बरा आहे का. तुझी आई गेल्यापासून इतका फोन कधी करत नव्हतास." ते ओशाळून हसले. "मी म्हटलं, सांगितलं तर ते बंद होईल."

मास्तरांनी चष्मा पुसायला घेतला. हेरबाईंनी त्यांचा दंड धरून त्यांना हळूच दाराबाहेर नेलं. मागे मुलगा विचारत होता की जेवायला काय करू, आणि काका म्हणत होते की आधी तुला स्वयंपाक येतो का ते सांग.